आबा, तो करपा नाही!

आइंडहोवन, नेदरलँड्स

तीर्थरूप आबा व सौ. आई,

आबा, परवा व्हिडिओ कॉलवर खिडकीतलं झाड पाहून तुम्ही म्हणालात, "पानावर करपा आलाय, आजच फवारणी घे." तेव्हापासून सूनबाई माझ्याशी तुटक बोलते. म्हणून हे सविस्तर पत्र.

त्या झाडाची पानं मुळातच काळपट जांभळी, मखमली, त्यांवर तांबूस शिरा. नाव लुडिशिया डिस्कलर. आहे ऑर्किडच, पण लोक ते पानांसाठी पाळतात. आपल्या डोंगरकड्यात केळीचं पान म्हणजे पंगतीला. इथे पान नुसतं बघायला असतं आणि त्याचे पैसे पडतात.

मूळचं ते दक्षिण चीनपासून इंडोनेशियापर्यंतच्या जंगलातलं. बाकीची बरीच ऑर्किडं झाडावर चढून बसतात, हे खाली पालापाचोळ्यात पसरतं. त्यामुळे सावलीची सवय आहे. ते बरंच झालं, कारण डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. तिकडच्या घड्याळात तितके वाजता तुमचा दुपारचा चहासुद्धा झालेला नसतो. थंडी मात्र चालत नाही, पंधरा अंशांच्या खाली पारा नको. आणि हीटरने घरातली हवा अशी कोरडी होते की माझे ओठ फुटतात. त्यावर घरात वाफ सोडणारं यंत्र आलं. माझ्या ओठांसाठी नाही, झाडासाठी.

कुंडीत सालीचे तुकडे, मॉस आणि थोडी हलकी माती. पाणी साचू द्यायचं नाही, सुकूही द्यायचं नाही, कायम वाफशावर ठेवायचं. इथले लोक यावर पुस्तकं लिहितात. तुम्ही मूठभर माती दाबून सांगितलं असतं. खत अगदी पातळ, तेही कधीमधी. तुम्ही म्हणालात तसं चिमूटभर डीएपी टाकलं, तर मुळं जळतील आणि मग मला घरात जेवण मिळणार नाही.

आई, तुला एक सांगतो, रागावू नकोस. याला हिवाळ्यात पांढऱ्या फुलांचा तुरा येतो, मधे पिवळा ठिपका. तो दिसला की काही जण कात्रीने उडवतात, का तर पानांचं तेज कमी होऊ नये म्हणून! सूनबाईही कात्री घेऊन उभी होती. मी म्हटलं, आईला कळलं की फूल देवाला न वाहता केरात टाकलं, तर ती विमानात बसेल. तुरा वाचला. मग कळलं, केळीसारखंच आहे याचं: फुललेला शेंडा पुढे वाढत नाही, बाजूने नवे फुटवे निघतात. आबा, मुनव्यांचा हिशोब इथेही तुमचाच.

पेरासकट कांडी तोडून ओल्या मॉसवर ठेवली की मुळं धरते. "मग एक कांडी आण की," असं आई म्हणणारच. आणता येत नाही. अख्खं ऑर्किडचं कुळ १९७३च्या 'सायटीस' करारात आहे. परवाना आणि रोग नसल्याचा दाखला असल्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. विमानतळावर जांभळ्या पानासाठी मला कोण सोडवायला येणार? शिवाय मे महिन्यातल्या आपल्या झळा त्याला एक दुपारही सोसणार नाहीत.

तोवर तुमच्या नातीने आजीसाठी त्या पानाचं मोठं चित्र काढलंय, सोबत पाठवतो. शिरांना हवा तसा लाल रंग मिळेना, म्हणून तिने देवघरातलं कुंकू वापरलं. डबी रिकामी झाली आहे. तेवढं नवं कुंकू येणाऱ्याच्या हाती द्या.

आपला,
धाकटा