साहित्य कसे गोळा करावे
नवशिक्या संशोधकांसाठी सोपी पद्धत

निघण्यापूर्वी पुढील साहित्य जवळ असावे : वही, दोन पेने, पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि पावसाळा असल्यास प्लास्टिकची पिशवी. हे सगळे बाजारात मिळते. ज्या साहित्यावर तुम्हाला प्रबंध लिहायचा आहे ते मात्र बाजारात मिळत नाही. त्यासाठी एसटीने जव्हार गाठावे आणि तिथून पुढे वावरला जावे.

गावाबद्दल आधी जे छापून आले आहे ते वाचून ठेवावे. वावर-वांगणी ही नावे छापील मराठीला माहीत झाली ती १९९२-९३ साली, कुपोषणाने इथली मुले दगावली तेव्हा. मग दौरे झाले, अहवाल झाले, अग्रलेख झाले. वावरविषयी लिहिलेला कागद त्यामुळे भरपूर आहे. वावरच्या माणसांनी रचलेले त्यात शोधू नये, वेळ जातो. ती उणीव भरून काढायलाच तर तुम्हाला पाठवले आहे.

गावात शिरण्याआधी व्याख्या पक्की करावी. शिरल्यावर ती टिकणे अवघड असते. सगळ्यात सोयीची व्याख्या अशी : छापले ते साहित्य, न छापलेले ते लोकसाहित्य. आधी 'लोक' लावला की कवीचे नाव शोधण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. 'वाङ्मय' हा शब्द शक्यतो टाळावा. त्यात 'वाक्' आहे, म्हणजे वाणी, आणि तोंडी परीक्षेत एखादा खवचट परीक्षक तेवढ्यावरून अडवू शकतो. त्यापेक्षा इंग्रजी 'लिटरेचर' बरे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'अक्षर' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ज्याला अक्षर नाही त्याचा प्रश्न परस्पर मिटतो.

आता धवलेरी शोधा. वारल्यांचे लग्न ही बाई लावते, तेही गाण्यांनी. तिच्या गाण्यांत देवांना बोलावणे असते. घरात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक निघतो, मधोमध पालघट देवी येते आणि गाणे चालू राहते. एवढी गर्दी आणि गोंगाट असताना ध्वनिमुद्रण नीट होत नाही. म्हणून लग्न नसताना, भर दुपारी, ओटीवर बसवून तिला गायला सांगावे. ती बहुधा का-कू करील. लग्न नाही आणि देवांना बोलावले, तर आलेल्या देवांचे करायचे काय, ही तिची अडचण असते. तिला सांगावे की आजी, दोनच कडवी हवीत.

चौकाबाबत एक सूचना. वारली बोलण्यात चौक काढत नाहीत, लिहितात. हे कानावर पडले तरी वहीत टिपू नये. 'लिपी नसलेला समाज' हे तुमचे पहिले प्रकरण त्याने नाहक बिघडते.

चौकाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला स्वतःला सुटलेली नाही. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव जगाला कळले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाने चित्रकाराला नाव दिले. गाणे कागदावर येते तेव्हा तोच कागद गाणारीचे नाव घेऊन जातो. तुम्ही याचा विचार करू नये, मार्गदर्शक वैतागतात.

आजीने गाणे दुसऱ्यांदा म्हटले तर ते पहिल्यासारखे असणार नाही. एखादे नाव बदलेल, एक कडवे वाढेल. अशा ठिकाणी 'स्मृतिदोष' असा शेरा मारावा. छापील कवी हेच करतो तेव्हा त्याला 'सुधारित दुसरी आवृत्ती' म्हणतात, पण त्याची गोष्ट वेगळी, त्याला प्रकाशक असतो.

घांगळी या तंतुवाद्यावर कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा सांगणारा कोणी भेटला तर रचणारा कोण हे जरूर विचारावे. आजा सांगायचा, असे काहीसे उत्तर येईल. लिहावे : अज्ञात. आजाचे नाव विचारायचे सुचत नाही, ते ठीकच आहे. तारपा सोडून द्यावा, त्या वाद्यात शब्द नसतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडाही नवशिक्यांचे काम नव्हे. मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचतात, आणि संहिता मागितली तर कुणाकडेच नसते.

परत आल्यावर जमवलेले सगळे प्रमाण मराठीत आणावे. साहित्य अकादमीची मान्यता २४ भाषांना आहे आणि त्यांत वारली नाही. अर्थ लागत नसलेले शब्द गाळावेत. वाचकाला कळत नाहीत आणि आपल्यालाही.

एका धोक्याची कल्पना देऊन ठेवतो. १९९० साली पालघरलाच आदिवासी साहित्य संमेलन झाले. 'गोधड'चे कवी वाहरू सोनवणे अध्यक्ष होते, आणि त्यांनी अध्यक्षीय भाषणात नेमके व्याख्येलाच हात घातला. लिहिलेले तेवढेच साहित्य, हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. आदिवासींचे बहुतेक सगळे तर तोंडी आहे. ते भाषण मिळाले तर प्रबंध बाइंडिंगला गेल्यावर वाचावे. आधी वाचलेत तर ही पुस्तिका निरुपयोगी ठरेल.

शेवटी परिशिष्ट. तिथे 'माहितगार : एक वृद्ध स्त्री, वय अंदाजे ७०' एवढी ओळ पुरते. मुखपृष्ठावर तुमचे नाव येते, पदवी मिळते आणि पुढेमागे संग्रह छापला जातो.

एवढे जमले की तुम्ही नवशिके राहिला नाहीत. मग एकदा वावरला पुन्हा जा. आजीला तिचे पूर्ण नाव विचारा आणि ते छापलेले चालेल का, तेही विचारा. ती हो म्हणाली तर परिशिष्टातली ती ओळ खोडा, तिचे नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाच्या वर घाला, आणि मानधनाचा चेक निघाला तर तो तिच्या नावाने काढायला सांगा.