पिकदाणी आणि पिनो न्वार

आयुष्यभर ‘येथे थुंकू नका’ या पाट्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला फ्रान्समधल्या वाइनच्या तळघरात पहिला धक्का बसतो तो पिकदाणीचा. गळ्यात रेशमी रुमाल बांधलेली सभ्य मंडळी पेल्यातून घोट घेतात, तो तोंडात खळखळवतात, ओठांचा चंबू करून सुर्र आवाजासकट हवा आत ओढतात (बशीतला चहा पिताना याच आवाजासाठी आपण घरी बोलणी खाल्लेली असतात) आणि मग नेम धरून ती महागडी वाइन पिकदाणीत टाकतात. कुणी दंड करत नाही. उलट ज्याची धार सरळ जाते, तो जाणकार.

कारण अगदी व्यवहारी आहे. सकाळपासून वीस-पंचवीस वाइन चाखायच्या असतील, तर त्या गिळून दुपारपर्यंत शुद्धीत राहणं अवघड. आणि आत ओढलेल्या हवेबरोबर वाइनचा दरवळ घशामागून नाकात चढतो. चवीचं बहुतेक काम तिथंच होतं. पोटाला त्यातलं काही कळत नाही. माझं तर असं मत झालंय की वाइनचा जवळजवळ प्रत्येक विधी असाच असतो. वरून रेशमी रुमाल आणि आत साधी घरगुती खबरदारी. घाबरतो आपण त्या रुमालाला.

हॉटेलातला तो भयानक क्षण घ्या. वेटर पेल्यात घोटभर वाइन ओततो आणि हात मागे बांधून उभा राहतो. सगळं टेबल गप्प. आता आपण काहीतरी मार्मिक बोलायचं असतं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्याला एवढंच विचारायचं असतं की बाटली बिघडलेली नाही ना. बुचाला कधीकधी एक रसायन लागतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम एवढ्यानंही तो जाणवतो. आता कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाला हा वास कुणी शिकवायला हवा का? जुलैतलं कपाट आठवायचं. तसा वास नसेल तर मान हलवायची, काम झालं. बूच हुंगायचीही गरज नाही. त्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं, ते बाटलीवरच्या नावाशी जुळतं का, एवढं पाहिलं तरी पुरे.

हे सगळं मी ज्या वाइनसाठी शिकलो ती शाम्बोल-म्युझिन्यी. बर्गंडी प्रांतात दिजाँ शहराच्या दक्षिणेला, उतारावर वसलेलं हे चिमुकलं गाव. जमिनीत चुनखडी भरपूर, चिकणमाती कमी. त्यामुळे इथली वाइन शेजारच्या गावांपेक्षा नाजूक, असं सारे सांगतात. द्राक्ष एकच, पिनो न्वार. त्याची साल पातळ, म्हणून रंग फिकट आणि तुरटपणा बेताचा. भरल्या पेल्यामागे वर्तमानपत्र धरलं तर मथळे वाचता यावेत. आमच्या मावशीनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिनं हळूच विचारलं, “पाणी घातलंय का रे यात?”

मावशीची शंका अगदीच अस्थानी नव्हती. नेपोलियनला जवळच्याच शाम्बेर्तँ बागेची वाइन फार प्रिय, आणि तो ती पाणी घालूनच प्यायचा. आजचा कुठलाही वेटर त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहील, ती वॉटर्लूपेक्षा जास्त लागली असती. गंमत म्हणजे या बागेचा लौकिक एवढा, की जव्रे गावानं 1847 मध्ये तिचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. पुढे शाम्बोलनं म्युझिन्यी या आपल्या बागेचं. गावानं बागेचं आडनाव लावायचं, अशी ही मुलखावेगळी रीत.

आणि त्या बागांच्या वाटण्या! जवळच क्लो द वूजो नावाची पन्नासेक हेक्टरांची, दगडी भिंतीतली बाग आहे. मूळची सिस्टर्शियन संन्याशांची. क्रांतीत ती जप्त झाली, 1889 मध्ये तुकडे पाडून विकली गेली आणि पुढे सगळ्या मुलांना सारखा वाटा देणाऱ्या वारसा कायद्यानं उरलेलं काम केलं. आज तिच्या सातबाऱ्यावर, म्हणजे तिथं जे काही असेल त्यावर, ऐंशीच्या आसपास नावं आहेत. त्यामुळे बाटलीवर बागेचं नाव तेच, पण कुणाच्या वाट्यातली आणि कुणाच्या हातची, यावर सगळं अवलंबून. भाऊबंदकीत मुरलेल्या मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागू नये.

अशी वाइन वाढायची कशी? शक्यतो तिच्या वाटेत न येता. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ असं लिहिलेलं असतं. ती खोली जुन्या फ्रेंच घरातली, हिटर येण्याआधीची, सोळा-सतरा अंशांची. पुण्यातल्या मे महिन्यातली नव्हे. आपल्या खोलीच्या तापमानाला नुसता अल्कोहोलचा भपका येतो आणि नाजूकपणा जागच्या जागी वितळतो. तेव्हा लोक काय म्हणतील याचा विचार न करता बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. पेला मोठ्या पोटाचा घ्यावा आणि तिसरा हिस्साच भरावा. पाहुण्याला आपण कंजूष वाटू, पण दरवळाला जागा लागते. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ती दुसऱ्या भांड्यात ओतून वारा देण्याची हौस मात्र आवरावी. म्हातारपणी बर्गंडीकडे दरवळाची जी शिल्लक असते, ती अशा उत्साहात तासाभरात उडून जाते.

राहिलं वर्णन. जाणकार म्हणतात रासबेरी, चेरी, व्हायोलेटची फुलं, पावसानंतरचं जंगल. आपण यातलं शेवटचं सोडून फारसं काही हुंगलेलं नसतं. बिनधास्त करवंद म्हणावं. 2001 मध्ये फ्रेदेरिक ब्रोशे या संशोधकानं बोर्दोत वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून दिला. विद्यार्थ्यांनी तिचं लाल वाइनच्याच शब्दांत वर्णन केलं. त्यानंतर माझ्या करवंदांना कुणी हसलं की मी फक्त हे साल सांगतो.

बरोबर खायला साधी भाजलेली कोंबडी, अळंबी, फार मुरलेलं नसलेलं चीज. तिखटापुढे ही वाइन टिकत नाही. मिरचीला अल्कोहोल भेटला की आग वाढते आणि बिचारी शाम्बोल मुकी होते. घरी तांबडा रस्सा शिजत असेल त्या दिवशी बाटलीला हात लावू नका. थंडगार बिअर काढा.