पोराला साधं घड्याळ घ्या

फौजेत गेलेल्या पोराला स्मार्टवॉच भेट देऊ नका. नाशिकमधलं अशोकनगर, श्रमिकनगर, पिंपळगाव बहुला, सातपूर गाव, जिथून जिथून पोरं अग्निवीर झाली, त्या प्रत्येक घराला हे हात जोडून सांगायचं आहे. पोरगा ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर येतो. मामा, आत्या, थोरला भाऊ मिळून पैसे काढतात आणि काळ्या चौकोनी डायलचं घड्याळ त्याच्या मनगटावर बांधतात. प्रेम खरं आहे. वस्तू चुकली आहे.

हे घड्याळ वेळ दाखवतं ते जाता जाता. त्याचं खरं काम वेगळंच. तुम्ही कुठे आहात, किती धावलात, कोणत्या रस्त्याने वळलात, रात्री किती वाजता झोपलात हे सगळं ते टिपून ठेवतं आणि मोबाइलच्या वाटेने दूर कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतं. सातपूरच्या जॉगिंग ट्रॅकवर त्याने काही बिघडत नाही. सीमेवरच्या चौकीत बिघडतं.

जानेवारी 2018 मध्ये हे जगाने पाहिलं. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपने धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या लोकांच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीचा एक झगमगता नकाशा आधीच्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने त्यात सीरिया आणि अफगाणिस्तान शोधलं. आजूबाजूला काळोख आणि मधेच उजळलेल्या रेघा. त्या रेघा लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंटागॉनने मोहिमेच्या क्षेत्रात ठिकाण नोंदवणारी साधनं वापरायला बंदी घातली. जुलै 2023 मध्ये रशियाच्या क्रास्नोदार शहरात पाणबुडीच्या एका माजी कमांडरला पहाटे धावताना गोळ्या घातल्या गेल्या. तो रोज कोणत्या वाटेने धावतो हे त्याच्या स्ट्राव्हा खात्यावर उघडं होतं. त्याआधी एकच महिना, जून 2023 मध्ये, अमेरिकी लष्कराच्या तपास विभागाने सैनिकांना बजावलं होतं की न मागवता टपालाने स्मार्टवॉच आलं तर ते चालू करू नका. फुकट आलेलं घड्याळ! त्यातून काय घरात शिरेल, सांगता येत नाही. आपल्या सैन्यानेही जुलै 2020 मध्ये 89 अ‍ॅप्सची यादी काढून ती मोबाइलवरून काढून टाकायला सांगितली होती.

यावर वडील म्हणतात, आमचा पोरगा साधा जवान, त्याचं ठिकाण कळून कुणाला काय मिळणार? एकट्याच्या रेघेतून फारसं मिळत नाही, हे खरं. पन्नास जणांच्या रेघा एकावर एक ठेवा. गस्त किती वाजता निघते, कुठे थांबते, कोणती चौकी मागच्या आठवड्यापासून रिकामी आहे, सगळं वाचता येतं. शत्रूला हेर पाठवावा लागत नाही, आपणच त्याचा पगार भरतो आणि वर पोराला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

नाशिककराला तर हे समजायला हवंच. नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा, ओझरला एचएएल आणि हवाई दल. एवढी लष्करी वस्ती भोवती असलेल्या शहरात घड्याळाचा हा धोका कुठल्याही शाळेत सांगितला जात नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अ‍ॅकॅडम्या सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचे ते शिकवतात. पोरं पहाटे त्र्यंबक रोडने धावतात, तेव्हाच त्यांच्या हातात अ‍ॅप असतं आणि धावलेला रस्ता स्टेटसला टाकायची सवय तिथूनच लागते. भरती झाली म्हणून सवय सुटत नाही. अ‍ॅकॅडमीच्या मास्तरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. फी घेता ना?

वर्दीवर घड्याळ चालतं का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. घरच्यांनी तर्क लढवू नये. पोराने तुकडीत विचारावं आणि तिथला शब्द अखेरचा मानावा. वर्दीची मागणी मात्र जगभर सारखीच दिसते. अमेरिकी सैन्याचा पोशाखाचा नियम मनगटी घड्याळाला परवानगी देतो, पण ते साधं आणि अंगावर भडक न दिसणारं हवं, आणि एका मनगटावर एकच वस्तू. रांगेत उभ्या शंभर जणांत एकाचंच मनगट चमकलं तर ती रांग राहत नाही. हा नियम पट्टीवाल्यालाही लागू हवा आणि तारेवाल्यालाही. जवानाला साधं घड्याळ सांगून स्वतः सोनेरी मिरवणाऱ्या साहेबाचं कोण ऐकेल?

मुळात मनगटी घड्याळ सैनिकाच्या हातावर रुळलं ते तोफांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मनगटावरचं घड्याळ बायकांचा दागिना समजलं जायचं. पुरुषांचं घड्याळ खिशात, साखळीला. पहिल्या महायुद्धात ते बदललं. पायदळ पुढे सरकायचं आणि त्याच्यापुढे आपल्याच तोफांच्या गोळ्यांची भिंत सरकायची, दर काही मिनिटांनी शंभर यार्ड. तोफची मैलभर मागे, शिपाई चिखलात, मधल्या तारा तुटलेल्या. दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती, आधी जुळवून घेतलेली घड्याळं. शिपाई दोन मिनिटं लवकर निघाला तर आपल्याच गोळ्याखाली जायचा, उशिरा निघाला तर शत्रूची मशीनगन पुन्हा सज्ज झालेली असायची. खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा नसायचा. म्हणून ते मनगटावर आलं. तोफखान्याचं शहर म्हणवणाऱ्या नाशिकला ही गोष्ट आर्टिलरी सेंटरच्या भिंतीबाहेरही माहीत हवी.

आपल्याकडे एचएमटीने ‘जवान’ नावाचं घड्याळ काढलं होतं. किल्लीचं, साधं, स्पष्ट आकड्यांचं. सेल नाही, चार्जर नाही, कुणाला काही कळवणं नाही. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. जवानाच्या नावाचं घड्याळ देशाने बंद होऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तरी साधं घड्याळ मिळतं. काटे अंधारात दिसावेत, पाण्यात टिकावं, पट्टा कापडी किंवा रबरी असावा. पैसे उरले तर पोराच्या आईच्या नावाने बँकेत ठेवा.

मनगटाचा असाच नियम सातपूरच्या कारखान्यांत रोज तिन्ही पाळ्यांत लागू असतो, फक्त त्याला कुणी वर्दीचा नियम म्हणत नाही. आयटीआयमध्ये टर्नरच्या पोराला लेथला हात लावण्याआधी सांगतात: घड्याळ काढ, अंगठी काढ, कडं काढ, बाही वर कर, हातमोजे घालू नकोस. फिरत्या चकमध्ये पट्टा अडकला तर मशीन बंद करायला वेळ मिळत नाही, हात आत जातो. वायरमनला वेगळं कारण सांगतात, धातूचा पट्टा दोन टर्मिनलना टेकला की मनगट भाजतं. नियम शंभर टक्के बरोबर आहे आणि तो मोडणाऱ्याला मशीनवर उभं करू नये. फेरी मारताना मनगटावर जाड साखळीचं घड्याळ मिरवत जॉबकडे बोट नेणाऱ्या सुपरवायझरलाही नाही. चक हुद्दा ओळखत नाही.

पण पुढचा अर्धा नियम कुठे आहे? घड्याळ काढून घेतलं. मोबाइल बऱ्याच ठिकाणी गेटवर जमा. मग आठ-आठ, बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाने वेळ कुठे पाहायची? कितीतरी शेडमध्ये भिंतीवर घड्याळच नसतं, असलं तर बंद, चालू असलं तर ऑफिसच्या काचेआड. वेळ माहीत असते ती गेटवरच्या पंचिंग मशीनला. सैनिकाच्या हातात घड्याळ दिलं कारण वेळ चुकली तर जीव जातो. कामगाराचं काढलं तेही जीव जातो म्हणूनच. मग त्याची वेळ त्याला परत नको द्यायला?

हा किरकोळ मुद्दा नाही. दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम झालं तर दुप्पट मजुरी, हा हिशेब 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली. तास वाढणार असतील तर ते मोजण्याचं साधन कामगाराच्या डोळ्यांसमोर आधी आलं पाहिजे. कंत्राटी पोराला तर पाळी संपल्यावर “थांब थोडं, एवढा लॉट काढ” म्हणतात. थोडं म्हणजे किती, हे त्याला बसस्टॉपवर आल्यावर कळतं.

घड्याळावरून या राज्यात कामगार भडकलेले आहेत. जानेवारी 1906 मध्ये नवी प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे होती. जेकब ससून गिरणीत घड्याळ नव्या वेळेला लावलं गेलं तेव्हा हजारो कामगारांनी मागाला हात लावायला नकार दिला आणि गिरणीवर दगड पडले. काटा 39 मिनिटं सरकला की झोप कुणाची मोडते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

सातपूरच्या कारखानदारांनी एवढंच करावं. प्रत्येक शेडमध्ये, प्रत्येक मशीनवरून मान वर केली की दिसेल असं मोठं घड्याळ लावावं आणि ते गेटवरच्या पंचिंगशी रोज पहिल्या पाळीला जुळवावं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी तपासणीला आल्यावर फायर एक्स्टिंग्विशरची तारीख पाहतात तसं या घड्याळाकडेही पाहावं. आणि कामगार संघटनांनी पुढच्या करारात पगारवाढीच्या कलमाखाली हे कलम लिहून घ्यावं, खर्चाचं कारण पुढे करायला मालकाकडे जागाच नाही.