पत्रास कारण की

लग्नाला २१ वर्षं झाली, तेव्हा वसईतल्या आमच्या धर्मग्रामाने आम्हां दोघांना शुक्रवार ते रविवार ‘मॅरेज एनकाउंटर’ या जोडप्यांच्या शिबिराला धाडलं. कल्पना फादर गॅब्रिएल काल्व्हो या स्पॅनिश धर्मगुरूंची; पहिलं शिबिर १९६२ साली, बार्सिलोनात. संसार कसा करावा हे ब्रह्मचाऱ्याने सांगायचं! (क्रिकेटचं समालोचनही मैदानाबाहेर बसूनच होतं म्हणा.)

रीत अशी: दहा मिनिटं जोडीदाराला वहीत पत्र लिहायचं, मग दहा मिनिटं त्यावर बोलायचं. भावना लिहा, तक्रारी नकोत. मी ‘प्रिय’ लिहून पेन चावत बसलो. हिने चार पानं भरून पुरवणी मागितली. पहिल्याच ओळीत २००९ सालचा गॅस सिलिंडर होता. बोलण्याची दहा मिनिटं तो चढवण्यातच गेली.