नानांची पडताळणी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले नाना वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण ते कागदोपत्री. वाण्याच्या तागडीचा पासंग हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर निवृत्त होत नाही. भाजीवाली पाव किलो मिरची तोलायला लागली की नाना आधी काटा शून्यावर आहे ना ते बघणार, मग पारड्याखाली चिंच चिकटवलेली नाही ना ते, आणि सगळ्यात शेवटी मिरची. दुकानं हातची गेल्यापासून त्यांनी माणसं तपासायला घेतली आहेत. कोण देवानं दिलेल्या वजनावर चाललाय आणि कुणी खालून चिंच लावलीय, याची त्यांच्याकडे वही आहे.

"प्रश्न गोळीचा नाही, तत्त्वाचा आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना नाना नाकावरचा चष्मा वर सारतात. चष्मा आता नाही, सारणं राहिलंय. सातवीत लागलेला चष्मा मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर गेला, दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल भिंगं बसली आणि नाना तिसऱ्या मजल्यावरून गेटवरच्या रिक्षाचा नंबर वाचायला लागले. ही भिंगं कशी निघाली ते आपण विचारलं नाही तरी ते सांगतात. महायुद्धात विमानाच्या काचछताचं प्लास्टिक फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे रुतले, डोळ्यांनी ते मुकाट सोसले. हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली नावाच्या डॉक्टरानं हेरलं आणि १९४९ साली त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. "म्हणजे माझ्या डोळ्यात विमान आहे," असा नानांचा समारोप असतो. मी एकदा म्हटलं, "नाना, मोतीबिंदू काढला तो उपचार. पण सातवीतला नंबरही गेला, त्याचं काय? ती तर चिंच झाली."

"ती आनुषंगिक बाब," नाना म्हणाले.

त्यांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. होस्टेलवर परीक्षेच्या दिवसांत काही पोरं मोडाफिनिल खातात, असं तो एकदा जेवताना बोलून गेला. ही गोळी मुळात ज्यांना दिवसाढवळ्या अनावर झोप येते अशा रुग्णांसाठी. धडधाकट पोरं ती जागायला घेतात. नानांचा घास हातातच राहिला. "लबाडी आहे ही! शेजारचा आपल्या डोक्यानं पेपर लिहितोय आणि हा औषधाच्या!" सूनबाईंनी आमटी वाढता वाढता आठवण दिली, की याच नातवाला तान्हा असल्यापासून दर पुष्य नक्षत्राला वैद्यांकडे सुवर्णप्राशनाचे थेंब पाजायला नानाच नेत. कशासाठी? पोरगं एकपाठी व्हावं म्हणूनच ना? सहा महिन्यांत मूल श्रुतधर होतं असं काश्यपसंहितेत लिहिलंय, हेही तेव्हा त्यांनीच घरभर ऐकवलं होतं.

"तो संस्कार," नाना म्हणाले. मग नातवाकडे बघून, "आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही. तेव्हा लबाडीचा प्रश्नच येत नाही."

ढोंगी म्हणून त्यांना मोडीत काढता येत नाही, हीच पंचाईत. त्यांना खरोखरच एक रेषा हवी आहे. खात्यात प्रत्येक वजनाला किती चूक माफ ते छापलेलं असे. माणसाला तसं कोष्टक का नाही, याचा त्यांना मनापासून त्रास होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ साली, कुठलाही आजार सापडत नसलेल्या पण अगदी बुटक्या मुलांनाही वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं द्यायला परवानगी दिली, आणि रेषा मारली ती सर्वांत बुटक्या १.२ टक्क्यांवर. हे वाचलं त्या दिवशी नाना भलतेच खुशीत होते. दशांश चिन्हासकट रेषा! मी विचारलं, रेषेच्या केसभर वर जो पोरगा उभा आहे, त्यानं काय करायचं? "टाचा उंचवायच्या नाहीत," नाना म्हणाले.

फक्त एका माणसापुढे त्यांची वही बंद पडली. एरो मँटिरांता हा फिनलंडचा स्कीपटू. त्यानं १९६४च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याच्या रक्तात लाल पेशी जास्त, म्हणून संशय. आणि पुढे कळलं की घराण्यातच एक जनुक तसं आहे. दुसरे जे सुईतून चोरून घेतात ते याला आईच्या पोटातच मिळालेलं. तागडीच पासंगासकट जन्माला आली तर निरीक्षकानं करायचं काय? नानांनी त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं आहे, पेन्सिलीनं.

गणपतीतल्या कॅरम स्पर्धेत मात्र तत्त्व पेटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिर्क्यांचा हात कापतो. बशी वाजते म्हणून ते नुसता कप उचलतात. डॉक्टरांनी त्यावर प्रोप्रॅनोलॉल दिली आणि त्या वर्षी शिर्क्यांनी असले बारीक कट मारले की लोक सोंगट्या सोडून त्यांच्या बोटांकडे बघायला लागले. नानांनी शोध लावला: ही गोळी बीटा ब्लॉकर, तिरंदाजी आणि नेमबाजीत तिला बंदी, आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याचं एक रौप्य नि एक कांस्य याच गोळीपायी गेलं. कार्यकारिणीकडे अर्ज आला. कंप जाईल इतपत गोळी हा उपचार, त्यापुढची स्थिरता हे डोपिंग. सबब शिर्के यांचा हात सर्वसाधारण प्रमाणात कापू द्यावा.

सर्वसाधारण म्हणजे किती, ते ठरवायला नानांनी साठीपुढच्या सगळ्यांना मांडवात बसवून हातात भरलेली कपबशी धरायला लावली. त्यात सर्वसाधारण कुणीच निघालं नाही. सर्वांत जास्त वाजली ती खुद्द नानांची बशी. "दम्याचा पंप घेतला की हात जरा कापतो," ते म्हणाले.

"मग पंपाचं काय?" शिर्क्यांनी विचारलं.

नाना याच प्रश्नाची वाट बघत होते. "सॅल्बुटामॉल. चोवीस तासांत सोळाशे मायक्रोग्रॅमपर्यंत खेळाडूंना मुभा. छापील नियम आहे." आणि नसलेला चष्मा वर सारला.

फायनल या दोघांतच लागली. शिर्के मानी माणूस. त्या दिवशी गोळी न घेता आले. पहिल्याच फटक्याला स्ट्रायकर बोटांखाली टकटकायला लागला आणि थेट खिशात गेला. ड्यू. दुसऱ्यांदा पुन्हा ड्यू. नाना पुढे चालले होते आणि खुर्चीत नुसते चुळबुळत होते. तिसऱ्यांदा शिर्क्यांचा हात बोर्डाच्या कडेवर ठेचला तसे नाना उठले, दम्याचा विचार न करता जिना चढले आणि शिर्केवहिनींकडून गोळी नि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"घे शिर्क्या. हा काय खेळ आहे?"

गोळी लागू पडायला वेळ लागतो, म्हणून फायनल तासभर थांबवली. तेवढ्यात आरती उरकली, प्रसाद वाटून झाला. मग शिर्क्यांनी ओळीनं सोंगट्या घेतल्या, राणी घेतली, कव्हर दिलं आणि नानांना हरवलं.

नानांनी सेक्रेटरीला निषेध नोंदवून घ्यायला लावला. निषेध तत्त्वाचा आहे, शिर्क्यांचा नाही, हे वाक्य दोनदा लिहवून घेतलं. मांडव रिकामा झाल्यावर ते शिर्क्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होते, "किती मिलिग्रॅमची असते रे ती?"

"नाना, तुम्हाला दमा आहे. तुम्हाला ती चालत नाही."

नानांनी वही काढली आणि तेही लिहून ठेवलं.