जावयाची गाडी आणि लेकीची टेप

अहो वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकूंचे जावई मर्सिडीज घेतायत! हो हो, तेच, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतात ते. ई-क्लास म्हणे. काकू काल भाजीला म्हणून निघाल्या आणि माझ्या फाटकाशीच थांबल्या. भाजी राहिली ती राहिलीच.

कौतुक सांगायला? छे! तक्रार होती, तीही स्वतःच्या लेकीची. जावई शोरूममध्ये गाडीभोवती फिरले, दार ‘धप्प’ कसं लागतं ते पुन्हापुन्हा लावून बघितलं, आतले दिवे रंग बदलतात त्याचे फोटो काढले आणि टोकन द्यायला निघाले. तर लेक म्हणाली, थांबा, आधी आपलं पार्किंग मोजू. भर शोरूममध्ये! काकूंना वाटतंय, जावयाचा पाणउतारा झाला. मला विचाराल तर पोरगी हुशार निघाली.

त्यांच्याकडे ते स्टॅक पार्किंग आहे ना, लोखंडी ताटावर गाडी ठेवून एकावर एक चढवतात ते. खांबावर पाटीच आहे, गाडीची लांबी पाच मीटरपर्यंत. आणि आपल्याकडे विकतात ती ई-क्लास 5 मीटर 9 सेंटिमीटर! बीएमडब्ल्यूची 5 सीरीज तर आणखी लांब, 5 मीटर 16. आपल्याकडे मुद्दाम लांबवलेली गाडी देतात हो. का, तर एवढी गाडी घेणारा साहेब मागे बसणार आणि पुढे ड्रायव्हर असणार, हा हिशेब. आता जावयांकडे ड्रायव्हर कुठला? ते स्वतःच चालवणार. म्हणजे पाय पसरायची जागा मागच्याला आणि हप्ता पुढच्याला.

किंमत? 2024 साली आली तेव्हा साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून होती, तीही एक्स-शोरूम. मागच्या वर्षी, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून, मोठ्या सेडानवरचा कर सेससकट 48 टक्के होता तो 40 वर आला, ते ऐकूनच जावयांच्या डोक्यात हे शिरलं. पण आरटीओ काही सोडत नाही. वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला आपल्या महाराष्ट्रात 13 टक्के, डिझेलला 15. कंपनीच्या नावावर घेतली तर आणखी जास्त. त्यावर विमा, वर एक टक्का टीसीएस. तो टीसीएस आयकराचं रिटर्न भरताना वळता होतो, पण शोरूममध्ये तर खिशातून जातोच ना! तेव्हा ‘अमुक लाखांची गाडी’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं, रस्त्यावर येईपर्यंत किती?

आमच्या ह्यांना काल रात्री हे सगळं सांगितलं. तुम्हाला माहितीये, हे एमआयडीसीत मेंटेनन्सला होते, गाडी म्हटलं की ताट बाजूला सरतं. म्हणाले, डिझेल नको म्हणावं. माजिवड्यापर्यंत ऑफिसला जायचं आणि परत यायचं, तेही ट्रॅफिकमध्ये सरपटत. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती जाळी साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम चालावी लागते. रोजच्या रोज थोडंथोडंच चालवलं की ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुण्या-नाशकाला नेहमी जाणाऱ्याने डिझेल घ्यावं.

आणि स्पीडब्रेकर! रस्त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, नियम केलाय. दहा सेंटिमीटर उंची आणि 3 मीटर 70 सेंटिमीटर रुंदी, गाडी हळूच चढावी आणि उतरावी असा. आपल्या गल्लीतला तो उंबरठा बघा, कुणी रात्रीत घातला देव जाणे. तीन मीटरच्या वर अंतर असतं ई-क्लासच्या पुढच्या-मागच्या चाकांत. पुढचं चाक उतरलं की पोट टेकलंच! बेसमेंटच्या रॅम्पचंही तेच. चढ संपतो तिथे खर्रकन आवाज आला की समजावं. ट्रायल शोरूमवाल्याच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन काय उपयोग? आपल्या खड्ड्यांतून घ्यावी, मागे दोघं-तिघं बसवून घ्यावी. टायर रनफ्लॅट असतील तर पंक्चर झाल्यावरही ऐंशीच्या वेगाने साधारण ऐंशी किलोमीटर जाता येतं, पण ते कडक असतात, कंबर सांगते. म्हणून मी काकूंना म्हटलं, जावयांना सांगा, मला बसवा. तुमच्या गुडघ्यांना खाली वाकून शिरायचं आणि वर उठून यायचंय. ते जमलं नाही तर मर्सिडीज असली काय नि रिक्षा असली काय! रिक्षात चढणं सोपं तरी असतं.

आता पुढचं ऐका. जावयांच्या भावाने मध्येच सुचवलं, चार वर्षं जुनी घेऊ, निम्म्यात मिळते. मिळते खरी. पण सुटे भाग निम्म्यात मिळत नाहीत ना! बंपर, दिवे, सस्पेन्शन, सगळं नव्या गाडीच्या भावात. आणि पाण्यात गेलेली निघाली तर? 26 जुलै 2005 चा पूर आठवतो ना? आमच्या ह्यांनी तेव्हा अशा कितीतरी गाड्या बघितल्या, आठवड्याभरात धुऊन-पुसून चकाचक. हे म्हणतात, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. डिकीतला कार्पेट उचलायचा, सीटखालच्या लोखंडी रुळांवर गंज बघायचा, नाक लावून वास घ्यायचा. अत्तर फार मारलेलं असेल तर आधी संशय घ्यायचा. कागदांवर कर्जाचा बोजा उतरलाय का, किती मालक झाले, हेही बघायचं.

घासाघीस? ती एकट्याने जमत नाही असं नाही, पण खरी मजा तिकडे संभाजीनगरला झाली, तेव्हाचं औरंगाबाद. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या लोकांनी मिळून दीडशे मर्सिडीज घेतल्या, एकाच दिवशी ताब्यात! साधारण 65 कोटींच्या. एकत्र गेले म्हणून भावही मिळाला आणि बँकेचं कर्जही. हे म्हणाले, आपल्या कॉलनीत तशी टूम काढली तर? मी म्हटलं, आपल्याकडे एकत्र येऊन पाण्याचा टँकर ठरत नाही.

लेकीला काय हवंय विचाराल तर टोयोटाची कॅमरी. चार मीटर 92, ताटावर बसते. हायब्रिड, अठ्ठेचाळीस लाखांना आली होती, पेट्रोलही कमी पिते. जावयांचा चेहरा पडला, कारण बॉनेटवर तारा नाही. काकूंनाही तारा हवाय, त्या उघड बोलत नाहीत एवढंच. मुलीच्या सासरी बघणारे असतात ना!

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या ट्रायलला आपल्या गल्लीत आणणार आहेत, लेकीची अटच आहे. काकू मागे बसणार, मी पण बसेन म्हटलंय. तेवढी तुमची स्कूटर शनिवारी रात्रीच आत घ्या हो, मोठी गाडी वळायला जागा राहणार नाही.