गिटारमिस्त्री

गिटार वाजवणारा ओळखणं सोपं असतं. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. गिटारमिस्त्रीच्या एका बोटाला सोल्डरचा चटका असतो, दुसऱ्याला फेविक्विक, आणि तिसऱ्यावरच्या रेषा पॉलिश पेपरने साफ पुसलेल्या. वय चाळिशीचं, नोकरी कॉम्प्युटरची, मुक्काम कोथरूड. दिवसभर हाताला न लागणाऱ्या गोष्टी घडवून कंटाळलेला हा जीव एक दिवस इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवतो. खोक्यातून बॉडी, नेक, पिकअप, खुंट्या आणि स्क्रूंच्या पुड्या निघतात. सूचनांचा कागदही निघतो. पण कागद वाचून जोडायचं ते कपाट, असं मिस्त्रीचं ठाम मत.

"अरे, तयार मिळत नाही का?" आई विचारते. मिळते. लॅकर, मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि तापकीर गल्लीच्या खेपांचं पेट्रोल धरलं, तर दोन तयार मिळाल्या असत्या. पण हा हिशोब घरात फक्त बायको मांडते.

पंथ म्हटला की संत आले. मिस्त्रीचे दोन. पहिला लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातला हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. याच्या कारखान्यातून १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडली आणि जगाने ती डोक्यावर घेतली. खुद्द फेंडरला मात्र गिटार वाजवता येत नव्हती. "काहीतरी वाजव की," असं कुणी म्हटलं की मिस्त्री फेंडरचं चरित्र सांगायला घेतो. दुसरा क्वीन बँडचा ब्रायन मे. त्याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली आणि तिचा नेक एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून कोरला. ही कथा ऐकल्यापासून बायको सागवानी देवघर नजरेआड होऊ देत नाही.

बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या निघतात आणि तिथे बॉडी टांगली जाते. आधी १२० नंबरचा पेपर, मग २४०, मग ४००. घरातल्या पोह्यांवरही लाकडाचा भुगा दिसू लागतो. पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत पांढुरकं पडतं, असं दुकानदार बजावतो. मिस्त्री जुलैत मारतो. पांढुरकं पडतं. "व्हिंटेज फिनिश," तो पाहुण्यांना सांगतो.

मग वायरिंग. सगळं जोडून, ब्रिज आवळून, तारा चढवून अँप सुरू केला की गिटारआधी घोंघाट ऐकू येतो. ब्रिजखाली जायची अर्थिंगची वायर पोकळीतून डोकावून मिस्त्रीकडे बघत असते. तारा उतरतात, ब्रिज निघतो. अशा वेळी बायको फोन आल्याचं निमित्त करून आत जाते. हसू दाबायला तिला तेवढाच आडोसा.

पण खरी साधना पुढेच. नटपासून बारावा फ्रेट पावणेतेरा इंच, तिथून ब्रिजही तितकाच. म्हणजे बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर आणि सूर वरच्या सप्तकात. गणित इथे संपायला हवं. पण तार दाबली की ताणली जाते, सूर किंचित चढतो, म्हणून सॅडल केसभर मागे घ्यावं लागतं. या केसभर जागेत मिस्त्रीचे सगळे रविवार मावतात.

शेवटी तळमजल्यावरचा कॉलेजातला पोरगा वर येतो. "काका, बघू का जरा?" म्हणत गिटार मांडीवर घेतो आणि असा काही सुटतो की शेजारची दारं उघडतात. आई टाळ्या वाजवते. आयुष्यभर तंबोऱ्याच्या साथीला बसलेले वरचे अण्णा कान टवकारतात. "तिसऱ्या तारेत मस्त झणकार आहे रे! जवारीसाठी आम्ही तंबोरा घेऊन मिरजेला जायचो. तुला फुकटात मिळाली."

मिस्त्रीने गाणं ऐकलेलंच नसतं. त्याने फक्त तिसरी तार ऐकलेली असते. "सातव्या फ्रेटला घासतेय," तो पुटपुटतो. नेकला बाक कमी पडलाय, ट्रस रॉड पाव फेरा सैल करायला हवा. गाणं अर्ध्यावर असतानाच तो पोराच्या हातातून गिटार काढून घेतो आणि कधी नव्हे इतक्या खुशीत ॲलन की शोधायला लागतो.